उघड्या झाकणाचे यंत्र

विहिरीवरचे इंजिन बंद पडले म्हणजे मिस्त्री पहिली गोष्ट कोणती करतो? झाकण काढतो. आत काय बिघडले ते पाहिल्यावाचून त्याला इलाज सुचत नाही. आणि झाकणच काढू दिले नाही, तर तो कितीही कसबी असो, हात हलवीत घरी जातो. संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट गेली चाळीस-पन्नास वर्षे मोठ्या वादाची होऊन बसली आहे. संगणकाचा आतला कारभार ज्या हुकमांनी चालतो, ते हुकूम वापरणाऱ्याला वाचू द्यावेत की नाही? सुधारू द्यावेत की नाही? मास्तरांनी ते वर्गात फळ्यावर लिहून समजावून सांगावेत की नाही? लिनक्स नावाच्या ज्या प्रणालीची हकीकत आज सांगावयाची आहे, ती या प्रश्नांतूनच जन्माला आली. आणि तिच्या वाटेवरच्या बहुतेक प्रत्येक वळणावर एखादा शिक्षक, नाहीतर एखादा विद्यार्थी उभा आहे. म्हणूनच ही कथा खेड्यापाड्यांतील शिक्षकांनी ऐकण्याजोगी आहे.

कुणी म्हणेल, हा विषय आजच कशाला? त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार थांबविला. त्या दिवशी ती बंद पडली असे नव्हे. पण तिच्यात सापडणाऱ्या फटी सर्वांसाठी फुकट बुजविल्या जात होत्या, ते काम थांबले. पुढची विंडोज ११ कित्येक जुन्या संगणकांवर चढत नाही. त्यांचा प्रोसेसर तिला चालत नाही, किंवा तिला हवी असलेली सुरक्षेची सोय त्यांच्यात नसते. मग दुकानदार सहज म्हणतो, "सर, हा भंगारात काढा, नवा घ्या." ज्या शाळेला ग्रामस्थांनी वर्गणी काढून संगणक दिला, त्या शाळेला हे वाक्य फार महाग पडते. पडदा शाबूत, कळफलक शाबूत, आतली यंत्रसामग्री शाबूत. मग भंगार झाले ते नेमके काय? तर त्या यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली.

ही प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती काय करते ते आधी पाहू. शाळेत मुख्याध्यापक स्वतः प्रत्येक विषय शिकवीत नाहीत. पण कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, घंटा केव्हा होईल, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे जाईल, हे तेच ठरवितात. संगणकात हेच काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम, चित्र काढण्याचा कार्यक्रम, हे जणू शिक्षक. त्यांना स्मृतीतील जागा, प्रोसेसरचा वेळ, छपाईयंत्र, कळफलक या गोष्टी पाळीपाळीने वाटून देणारी ही प्रणाली. तिचा जो अगदी आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे हुकूम माणूस वाचता येतील अशा भाषेत लिहितो. त्याला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. नंतर त्याचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत होते. विकत मिळतात ते बहुधा नुसते आकडे. लाडू खाऊन पाक किती तारी होता हे सांगणे जसे अवघड, तसे त्या आकड्यांवरून मूळ संहिता ओळखणे अवघड. ज्याच्याजवळ संहिता, त्याच्या हाती झाकण.

आता थोडे मागे जाऊ. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे दोन संशोधक काम करीत होते. मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रणालीच्या योजनेतून त्यांच्या संस्थेने नुकतेच अंग काढून घेतले होते. थॉम्पसन यांनी बाजूला पडलेला पीडीपी-७ जातीचा एक लहान संगणक हाताशी धरला आणि त्यावर एक छोटी, आटोपशीर प्रणाली रचली. तिचे नाव युनिक्स. १९७३ साली तिचा गाभा रिची यांनी घडविलेल्या सी या भाषेत नव्याने लिहिण्यात आला. याचा फायदा असा झाला की, ती प्रणाली एकाच जातीच्या यंत्राशी जखडलेली राहिली नाही. थोड्या मेहनतीने दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली.

येथे कायद्याचा एक योगायोग कामाला आला. १९५६ साली सरकारशी झालेल्या एका तडजोडीमुळे एटी अँड टी कंपनीला टेलिफोनखेरीज इतर धंद्यात पडावयास बंदी होती. त्यामुळे तिला युनिक्स बाजारात मांडून विकता येईना. तिने ती विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात, आणि तीही मूळ संहितेसकट, देऊ केली. म्हणजे यंत्र मिळाले, आणि झाकण उघडण्याचा पानाही मिळाला.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विचार केला, मुलांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवावयाची तर खोटी, लुटुपुटीची उदाहरणे कशाला? खरीखुरी, चालती प्रणालीच त्यांच्यापुढे ठेवावी. त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संहिता, सुमारे ९,००० ओळी, छापली, आणि तिच्यावर आपल्याकडे जशी ग्रंथावर टीका लिहितात तशी टीका लिहिली. १९७७ साली ते दोन भाग तयार झाले. एका विद्यार्थ्याला एका वर्षात समजेल एवढीच ती प्रणाली लहान होती, हे तिचे मोठे भाग्य.

पण १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली, आणि परवान्यात नवी अट आली: ही संहिता वर्गात शिकवावयाची नाही! कंपनीला आता तिच्यात पैसा दिसू लागला होता. लायन्स यांच्या टीकेचा उघड प्रसार थांबला. मग काय झाले? जे होणार तेच झाले. प्रतीवरून प्रत, छायाप्रतीवरून छायाप्रत अशी ती टीका जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरत राहिली. उजळ माथ्याने पुस्तक म्हणून ती प्रसिद्ध झाली ती १९९६ साली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. मास्तरांच्या वर्गातल्या टिपणांना एवढी वाट पाहावी लागली.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतला. १९८० च्या सुमारास तेथील प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीकडून एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकत असे. आधीच्या यंत्राच्या वेळी रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने संहितेत थोडी भर घालून अशी सोय केली होती की, कागद अडकला की ज्याची छपाई चालू असेल त्याला पडद्यावर सूचना मिळे. नव्या यंत्राची संहिताच मिळेना. ती ज्या एका संशोधकाजवळ होती, त्याने गुप्ततेचा करार केला होता. त्याने नाही म्हटले. गोष्ट लहान, पण स्टॉलमन यांच्या मनाला ती लागली. दुरुस्ती करण्याची अक्कल आहे, वेळ आहे, इच्छा आहे. नाही ती फक्त मुभा!

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी जाहीर केले की, युनिक्ससारखी चालणारी, पण पूर्णपणे मोकळी अशी प्रणाली आपण रचणार. तिचे नाव ग्नू. १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडून ते या कामाला लागले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वापरणाऱ्याला चार मोकळिकी हव्यात. हव्या त्या कामाला प्रणाली वापरण्याची. आत पाहून ती शिकण्याची आणि बदलण्याची. तिची प्रत शेजाऱ्याला देण्याची. आणि आपण केलेली सुधारणा सर्वांना वाटण्याची. १९८९ साली त्यांनी यासाठी एक परवाना लिहिला, जनरल पब्लिक लायसेन्स. त्यातील मेख अशी की, ज्याला ही संहिता मोकळी मिळाली, त्याने सुधारलेली प्रत दुसऱ्याला देताना तीही मोकळीच द्यावी. घरचे बियाणे शेजाऱ्याला द्यावे आणि सांगावे, बाबा, तुझ्याकडूनही कुणी मागितले तर नाही म्हणू नकोस, तसेच हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोकळी म्हणजे फुकट असे नव्हे. तिच्यावर कुणी पैसेही घेऊ शकतो, आणि कित्येक कंपन्या तिची सेवा देऊन घेतातही. मोकळी म्हणजे जिचे झाकण उघडता येते ती.

ग्नूची बहुतेक हत्यारे तयार झाली. पण गाभा, म्हणजे कर्नल, काही केल्या पुरा होईना. तो आला भलत्याच दिशेने, आणि त्यामागे पुन्हा एक शिक्षक होता. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमच्या व्रीये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबाउम हे प्राध्यापक शिकवीत. युनिक्सची संहिता वर्गात दाखवावयाची बंदी, म्हणून त्यांनी १९८७ साली स्वतःच एक लहान प्रणाली लिहिली आणि आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. तिचे नाव मिनिक्स. ती मुलांना शिकता यावी एवढी लहानच राहावी असा त्यांचा आग्रह होता. शिवाय पुस्तकाच्या प्रकाशकाचे हक्क असल्यामुळे ती त्या काळी मनमोकळेपणे वाटता येत नसे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी हीच मिनिक्स वापरीत होता. तिच्यात त्याला काही उणिवा जाणवल्या. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळविले की, आपण हौसेखातर एक प्रणाली करीत आहोत, ती काही फार मोठी व्हावयाची नाही. सप्टेंबरात पहिली संहिता निघाली. सुमारे १०,००० ओळींची. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, त्याने तिला स्टॉलमन यांचा तो परवाना लावला, आणि जगभरचे हात तिच्या कामाला लागले. ग्नूची हत्यारे आणि लिनसचा गाभा यांची जोडी जमली. १४ मार्च १९९४ रोजी पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा ओळी झाल्या होत्या पावणेदोन लाखांच्या वर.

त्या हौसेच्या कामाचे पुढे काय झाले? जगातील सर्वांत बलाढ्य अशा ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइडचा मोबाइल? त्याचाही गाभा लिनक्सच आहे. मात्र त्यावर कंपन्यांनी स्वतःचे थर चढवून झाकण बऱ्याच अंशी पुन्हा लावून टाकले आहे, हेही विसरता कामा नये.

आता आपल्या देशाकडे वळू. लिनक्सचा गाभा एक, पण ज्वारीचे जसे अनेक वाण, तसे त्याचे अनेक वाण निघाले. इंग्रजीत त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. १९९३ साली डेबियन निघाला. त्याच्यावरून २००४ साली उबुंटू निघाला. त्याच्या तबकड्या मागेल त्याला टपालाने फुकट येत असत, तो क्रम २०११ पर्यंत चालला. उबुंटूवरून लिनक्स मिंट निघाला. पुण्यात मुख्य ठाणे असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरून बॉस नावाचा भारतीय वाण तयार केला. तो २००७ साली बाहेर आला, आणि त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय केलेली आहे.

त्याच २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत, मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक मिळाले. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील तो पहिला प्रयोग. त्या संगणकांत लिनक्सच होती. केरळ राज्याने तर हा मार्ग शालेय शिक्षणाचा हमरस्ताच केला. तेथील शाळांसाठी काइट या सरकारी संस्थेने उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार केली, आणि २०१९ साली ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी देण्यात आली. तिच्यात मल्याळम भाषेची सोय आणि शाळेच्या विषयांना लागणारे कार्यक्रम आधीच घातलेले असतात. हे करण्यासाठी केरळला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. उघड्या झाकणाचा अर्थ हा.

एवढी हकीकत ऐकल्यावर आपण विचाराल, हे सगळे ठीक. पण आमच्या शाळेतल्या कोपऱ्यातल्या संगणकाचे काय करावे? तेव्हा आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, काहीही पुसून टाकण्यापूर्वी चाखून पाहा. लिनक्सचे बहुतेक वाण पेनड्राइव्हवरून, संगणकाच्या डिस्कला हात न लावता, चालविता येतात. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. वाणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून ती त्यावर चढवावी. ती नुसती नक्कल करून चालत नाही. त्यासाठी छोटे कार्यक्रम मिळतात, ते वापरावे. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. मग संगणक सुरू होतानाच एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करण्यास सांगावे. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, शाळेचे छपाईयंत्र चालते का, हे सारे येथेच तपासावे. छपाईयंत्र रुसले, तर निर्णय घेण्यापूर्वी ते कळलेले बरे.

दुसरी गोष्ट, यंत्राच्या ताकदीप्रमाणे वाण निवडा. म्हाताऱ्या बैलाला मोठा नांगर जुंपू नये. लिनक्स मिंटला किमान २ जीबी स्मृती आणि २० जीबी डिस्क लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. त्याचे एक्सएफसीई नावाचे हलके रूप जुन्या यंत्रांना मानवते. सुरू होताना आपोआप उघडणारे जे कार्यक्रम लागत नाहीत, ते बंद करावे. एकदम दहा खिडक्या उघडू नयेत. अगदी जुन्या, ३२-बिट जातीच्या यंत्रांना मात्र बहुतेक मोठ्या वाणांनी आता रजा दिली आहे. आणि कार्यालयातील एखादे हिशेबाचे किंवा सहीचे काम विंडोजवाचून अडत असेल, तर ते यंत्र तसेच ठेवून मुलांच्या यंत्रापासून सुरुवात करावी. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारीही नांदू शकतात. पण असे करण्याआधी निकालपत्रके, फोटो, दाखले यांची प्रत दुसऱ्या जागी काढून ठेवलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट, प्रत्येकाचे दप्तर वेगळे ठेवा. युनिक्स रचली गेली त्या काळी एक संगणक पुष्कळ माणसे मिळून वापरीत. त्यामुळे प्रत्येकाची खोली वेगळी आणि सर्व किल्ल्या एका कारभाऱ्याकडे, ही व्यवस्था तिच्यात पहिल्यापासून आहे. एक संगणक आणि तीस मुले, अशा आपल्या शाळेला ती किती सोयीची! शिक्षकांचे एक खाते कारभाऱ्याचे करावे, आणि मुलांसाठी साधी खाती उघडावी. साध्या खात्यातील मुलाने खटपट केली तरी त्याच्या खोलीपुरती पसारा होईल. घर मोडणार नाही. सूडो नावाचा हुकूम कारभाऱ्याची किल्ली क्षणभर हाती देतो. म्हणून ज्या हुकमाचा अर्थ आपणांस उमगलेला नाही, तो कुठूनही उतरवून सूडोबरोबर कधीही चालवू नये.

अर्थ कोठे पाहावा? त्याची सोयही घरातच आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७१ च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली मार्गदर्शिका निघाली, आणि ती परंपरा आजतागायत चालू आहे. टर्मिनल म्हणून जी काळी खिडकी असते, तिच्यात मॅन असे लिहून, एक जागा सोडून, पुढे हुकमाचे नाव टंकले की त्या हुकमाची साद्यंत माहिती समोर येते. इंटरनेट नसले तरी ती मिळते. मजकूर इंग्रजीत असतो. वरच्या वर्गांतील मुलांना इंग्रजी वाचनाचा तेवढाच सराव.

चौथी गोष्ट, मराठीची. भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी सरकारने ठरविली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी शहाणपणाची वाटणी आहे. लिनक्समध्ये कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मांडण्यांच्या यादीतून मराठी निवडावी. उच्चाराप्रमाणे टंकण्याची मांडणीही मिळते. पण नव्याने शिकणाऱ्या मुलांना इन्स्क्रिप्टच शिकवावी असे मी सुचवीन. एकदा हात बसला की हिंदीही तिनेच टंकता येते. लिबरऑफिस हा लेखनाचा आणि हिशेबाचा मोफत कार्यक्रम मराठी रूपातही मिळतो, आणि जीकॉम्प्रिस या संग्रहात लहान मुलांसाठी अंक, अक्षरे, खेळ भरपूर आहेत.

आता उरला प्रश्न प्रणाली आपल्या पसंतीप्रमाणे घडविण्याचा. अक्षरे मोठी करणे, पाठीमागचे चित्र बदलणे, हे तर सर्वांना जमते. पण खरी गंमत पुढे आहे. आपल्या आवडीनिवडी लिनक्स कोठे लिहून ठेवते? तर प्रत्येकाच्या खोलीतच, ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते अशा फाइलींत आणि फोल्डरांत. त्या एरवी दिसत नाहीत. फाइलींच्या खिडकीत कंट्रोल आणि एच या कळा मिळून दाबल्या की दिसू लागतात. या लपण्यामागची हकीकत मौजेची आहे. युनिक्सच्या आरंभीच्या दिवसांत, यादी दाखविणाऱ्या हुकमाने दोन विशिष्ट नोंदी गाळाव्यात म्हणून कुणीतरी सोपी युक्ती केली: टिंबाने सुरू होणारे नाव दाखवू नये. त्या आडवाटेने या साऱ्या फाइली दृष्टीआड झाल्या, आणि तीच पुढे रूढी झाली! रूढी कशा पडतात याचा हा एक धडाच म्हणावयाचा.

मुलांकडून करून घेण्याजोगा एक प्रयोग सांगतो. फाइलींची यादी दाखविणारा हुकूम रोमन लिपीत एलएस असा दोन अक्षरी आहे. खोलीतील बॅशआरसी नावाच्या टिंबाच्या फाइलीत शेवटी एक ओळ लिहावयाची: रोमन लिपीत एलियास हा शब्द, एक जागा सोडून देवनागरीत यादी, लगेच बरोबरचे चिन्ह, आणि लगेच अवतरणचिन्हांत एलएस. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. फाइल जतन करून टर्मिनलची नवी खिडकी उघडावी आणि मराठीत यादी असे टंकावे. समोर फाइलींची यादी येते. संगणकाने मराठी हुकूम मानला! सातवीच्या मुलालाही त्या क्षणी कळते की, हे यंत्र आपण सांगू तसे वळते. ते वरून उतरलेले नाही, कुणी माणसाने लिहिलेले आहे, आणि लिहिणारा माणूस मीही असू शकतो.

मात्र अशा बदलांना तीन पथ्ये पाळावी. फाइलीत हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले ते कळते. आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसकट एका वहीत लिहावा. बदली होऊन नवे गुरुजी आले तर ती वही त्यांना सोन्यासारखी वाटेल. एखाद्या मुलाच्या खात्याची मांडणी फारच विस्कटली, तर टिंबाने सुरू होणारा कॉन्फिग नावाचा फोल्डर असतो, त्याचे नाव बदलून ठेवावे आणि खात्यात पुन्हा प्रवेश करावा; प्रणाली मूळची मांडणी पुन्हा तयार करून देते. साऱ्या प्रणालीसाठी मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. ती अधूनमधून प्रणालीची नोंद ठेवते आणि वेळप्रसंगी मागच्या दिवसावर नेऊन ठेवते. पण ती नोंद प्रणालीची. तुमच्या निकालपत्रकांची नव्हे. त्यांची प्रत वेगळीच काढावी लागते. आणि सुधारणांची सूचना आली की ती टाळू नये. फटी बुजविण्याचे काम हेच.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट सांगून हे भाषण पुरे करतो. या प्रणालीच्या कामात हातभार लावावयास मोठे शिक्षणच लागते असे नाही. तिच्यातील मराठी शब्द पुष्कळ अंशी हौशी माणसांनी मिळून घातलेले आहेत. कोठे शब्द बोजड झाला असेल, कोठे सूचना मराठी वाटत नसेल, तर ती सुधारून पाठविण्याचा मार्ग खुला आहे. आणि या कामाला मराठीच्या शिक्षकांइतका लायक दुसरा कोण? लायन्स यांनी वर्गासाठी टीका लिहिली, टॅनेनबाउम यांनी वर्गासाठी प्रणाली लिहिली, आणि ती शिकणाऱ्या एका मुलाने दुसरी रचली, जी आज जगभर चालते. त्या साखळीत आपल्या शाळेची एखादी कडी असावयास काय हरकत आहे? तेव्हा कोपऱ्यातला तो संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह, एक वही आणि चार चौकस मुले एवढी सामग्री जमवा, आणि येत्या शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, तो एकदा सुरू करून पाहा.